सहा वर्षे उभी असलेली डिलाइट घ्यावी, की रिस्टोअर केलेली पद्मिनी?

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, छंद म्हणून जुनी गाडी घ्यायची आहे आणि समोर दोन गाड्या आहेत, तर कोणती घ्यावी. पहिली १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. ती मुंबईत दादरच्या एका इमारतीच्या आवारात सहा वर्षांपासून उभी आहे. मालक वारले आहेत, मुलगा ती विकतो आहे. रंग उडाला आहे, पण गाडीत कोणी काही बदललेले नाही, असे तो सांगतो. दुसरी १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती एका गॅरेजने ‘फुल रिस्टोअर’ केली आहे, रंग नवा आहे, सीट नव्या आहेत आणि किंमत पहिलीच्या दुपटीहून अधिक आहे. त्यांच्या वडिलांनी पूर्वी अशीच फियाट चालवली होती आणि त्यांना शेजारी बसवून रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन यायचे आहे, म्हणून दिवाळीपर्यंत गाडी रस्त्यावर यावी अशी त्यांची इच्छा आहे. विंटेज नोंदणी करावी का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी पुण्यात जुन्या फियाट आणि अँबेसेडर गाड्यांचे काम करतो, आणि घेण्याआधी लोकांना गाडी पाहून देणे हाही त्या कामाचाच भाग आहे. तुमच्या जागी मी असतो तर आधी डिलाइट पाहायला गेलो असतो. मात्र हे मत तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तिन्ही तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत: पत्रा किती शिल्लक आहे, आरसी बुकाची आजची स्थिती काय आहे, आणि नाशिकला गाडी ठेवायला छप्पर आहे का. इंजिन सुरू होत नाही, गिअर अडकतो, ब्रेक लागत नाहीत, अशा गोष्टींनी नवखा माणूस घाबरतो. पण त्या दुरुस्त होतात आणि त्यांच्या खर्चाचा अंदाज बऱ्यापैकी आधी बांधता येतो. सडलेला पत्रा आणि अडकलेले कागद यांचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला मी नेहमी सांगतो की, पैसे पत्र्याचे आणि कागदांचे द्या. इंजिन कसेही असले तरी त्याचे पुढे पाहता येते.

पहिलीच गाडी म्हणून फियाटचा विचार केलात हे योग्य केलेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. पुढची दारे उलटी उघडणारी ती पहिली गोलसर गाडी आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून अजूनही ओळखली जाते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर डिलाइट आली, १९७० च्या दशकात तिचीच आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. त्यामुळे तुमच्या समोरच्या दोन गाड्यांचे मूळ एकच आहे: १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगवरचा चार गिअरचा दांडा, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. हे सगळे उघड्या डोळ्यांना दिसणारे आणि साध्या पान्यांनी खोलता येणारे यंत्र आहे. छंद म्हणून गाडी ठेवणाऱ्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही.

सुट्या भागांचे गणितही फियाटच्या बाजूने आहे. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची गेली, पण इतकी दशके हजारो टॅक्सी चालल्यामुळे तिच्यासाठी बनलेला माल अजून बाजारात आहे. क्लच प्लेट, वॉटर पंप, ब्रेकचे किट, किंगपिन (पुढची चाके ज्यावर वळतात त्या पिना), इंजिनची गॅस्केट या वस्तू कुर्ल्यात किंवा पुण्याच्या नाना पेठेत विचारत फिरल्यास मिळतात. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. परदेशी संकेतस्थळांवर ‘११०० डी’, म्हणजे डिलाइटच्या मूळ इटालियन गाडीच्या नावाने, भाग विकायला असतात. इटलीतल्या ११०० डी गाडीचे इंजिन १२२१ सीसीचे होते, आपल्याकडे मात्र १०८९ सीसीचेच चालू राहिले. त्यामुळे नाव जुळले म्हणून पिस्टन किंवा रिंगा मागवू नयेत, आधी मापे जुळवावीत.

न मिळणाऱ्या वस्तू वेगळ्याच असतात. डिलाइटची पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, बंपर, दारांची हँडले, डॅशबोर्डवरचे मीटर, काचेभोवतीची चकचकीत पट्टी यांचे उत्पादन सहसा कोणी करत नाही, आणि पद्मिनीच्या वस्तू तिथे बसल्या तरी शोभत नाहीत. या वस्तूंसाठी लोक मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात महिनोन्महिने फिरतात. सहा वर्षे आवारात उभ्या असलेल्या गाडीच्या अशाच वस्तू आधी नाहीशा होतात. म्हणून डिलाइट पाहताना इंजिन ऐकण्याआधी गाडीभोवती एक शांत फेरी मारा आणि काय काय जागेवर आहे ते वहीत लिहा. सगळे दागिने अंगावर असलेली बंद गाडी ही अर्ध्या वस्तू गेलेल्या चालू गाडीपेक्षा स्वस्त पडते, हे हिशेब मांडला की लगेच दिसते.

आता पत्र्याविषयी सविस्तर लिहितो, कारण निर्णय इथेच व्हायचा आहे. जीपसारख्या गाडीला वेगळी चेसिस असते, तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते आणि बॉडी सडली तरी गाडीचा कणा शाबूत राहू शकतो. फियाटचे तसे नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. दाराखालची आडवी पेटी, पायाखालचा फ्लोअर, मागचे पाटे जिथे टांगलेले असतात त्या जागा, हे सगळे मिळून गाडीचे वजन तोलतात. दादरची हवा खारट आहे, आणि आवारात उभ्या गाडीखाली सहा पावसाळे ओल साचलेली आहे. त्यामुळे गंज वरून दिसतो त्यापेक्षा खालून अधिक असणार, असे धरूनच चालावे.

तपासायला जाताना टॉर्च, एक जुना स्क्रूड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक आणि अंगाखाली घालायला पोते न्या. प्रथम आतले पायपुसणे आणि त्याखालचा जाड थर उचलून फ्लोअर पाहा. चालकाच्या टाचेखाली आणि मागच्या सीटसमोर पाणी साचते, तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून आवाज ऐका. घट्ट पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला पत्रा बद्द आवाज करतो आणि थोडा दबतो. मग डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालची जागा पाहा. त्यानंतर गाडीखाली झोपून पाट्यांच्या टांगण्या, जॅक लावायच्या जागा आणि दाराखालच्या पेटीची आतली बाजू पाहा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी छोटी भोके असतात. ती माती किंवा रंगाने बुजलेली असतील तर दार आतून सडू लागले आहे असे समजावे. मडगार्ड आणि दारांच्या खालच्या भागावरून चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

शेवटची परीक्षा मी प्रत्येक फियाटवर करतो आणि ती कोणालाही करता येते. चारही दारे उघडून पुन्हा लावून पाहा आणि दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते डोळ्यांत साठवा. मग एका बाजूच्या जॅकच्या जागेवर जॅक लावून ते चाक जमिनीपासून थोडेसे उचला आणि त्याच बाजूचे दार पुन्हा उघडून लावा. सांगाडा घट्ट असेल तर दार पहिल्यासारखेच लागते. दार घासू लागले, वरची फट रुंदावली किंवा जॅकच आत घुसू लागला, तर ती गाडी आतून खचलेली आहे. अशी गाडी सरळ करायची तर अख्खी बॉडी उघडून कुशल वेल्डरकडून पत्रा नव्याने बांधून घ्यावा लागतो. ते काम छंदाच्या पहिल्या गाडीवर करू नये, मग ती कितीही स्वस्त मिळत असो.

हीच परीक्षा रिस्टोअर केलेल्या पद्मिनीवर करायला मिळाली तर जरूर करा, पण बहुतेक विक्रेते ती करू देत नाहीत, आणि त्यांचा नकार हीदेखील माहितीच असते. नव्या रंगाच्या गाडीचे खरे दुखणे असे की पाहण्यासारखे सगळे झाकले गेलेले असते. फ्लोअरखाली काळ्या अंडरकोटिंगचा ताजा जाड थर असेल तर त्याच्या आड नवा पत्रा आहे की जुन्या भोकांवर चिकटवलेले ठिगळ, हे बाहेरून कळत नाही. म्हणून गॅरेजवाल्याकडे रंग खरवडून पत्रा उघडा केल्यानंतरचे आणि वेल्डिंगच्या वेळचे फोटो मागावेत. ज्याने मन लावून काम केलेले असते तो असे फोटो अभिमानाने दाखवतो. फोटो नसतील तर काचांचे रबर बोटाने थोडे उचलून पाहावे. रबराच्या कडेवर रंगाचे शिंतोडे असतील आणि आत जुना रंग दिसत असेल, तर काचा न काढता वरवर रंग मारलेला आहे. अशा कामाला डेंटिंग-पेंटिंग म्हणावे, रिस्टोरेशन म्हणू नये आणि रिस्टोरेशनची किंमतही देऊ नये. सगळेच गॅरेजवाले असे करतात असे मुळीच नाही. मनापासून काम करणारे कारागीर मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हातची गाडी दुप्पट किमतीलाही महाग नसते. फरक फक्त पुराव्याचा आहे.

उडालेल्या रंगाची गाडी मला अधिक पसंत आहे ती याच कारणाने. तिचे दोष समोर असतात. शिवाय मूळ रंग, मूळ सीट आणि कारखान्यात जसे बसले तसे स्क्रू असलेली गाडी एकदा उघडून नवी केली की पुन्हा तशी होत नाही. जुन्या गाड्यांच्या जगात हल्ली अशा न बदललेल्या गाड्यांना वेगळा मान मिळू लागला आहे, आणि तो योग्यच आहे.

सहा वर्षे बंद असलेल्या इंजिनाबद्दल एकच विनंती आहे की, विक्रेत्याला ते तुमच्यासमोर घाईने सुरू करू देऊ नका. नवी बॅटरी लावून किंवा चार जणांनी धक्का मारून सुरू केलेले इंजिन एक तर सिलिंडरच्या भिंतींवरचा गंज पिस्टनच्या रिंगांवर घासते, नाही तर टाकीतला गाळ कार्ब्युरेटरमध्ये खेचते. योग्य पद्धत संथ आहे. चारही प्लग काढावेत, प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडावे आणि दोन-चार दिवस थांबावे. मग हँडल लावून किंवा पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरले तर फार काळजी नाही. अडले तर जोर न लावता पुन्हा ऑइल सोडून वाट पाहावी. विक्रेत्याकडे हे शक्य नसेल तर इंजिन जाम आहे असे धरून किंमत ठरवावी आणि गाडी टोइंगच्या गाडीवर चढवून न्यावी. ब्रेकच्या बाबतीत तर पर्यायच नाही. चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर यांतली रबरे सहा वर्षांत कडक होऊन चिकटलेली असतात. पेडल घट्ट लागले तरी त्यावर विश्वास ठेवून पहिला किलोमीटरही चालवू नये.

पेट्रोलचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा गंभीर झाला आहे. जुन्या गाडीवाल्यांना पूर्वी शिसे नसलेल्या पेट्रोलची काळजी वाटायची. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० सालीच बंद झाले, आणि रविवारी मध्यम वेगाने फिरणाऱ्या फियाटला त्याचा विशेष त्रास झाल्याचे मला दिसलेले नाही. पण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि १९६६ सालच्या गाडीची रबरे त्याच्यासाठी बनलेली नाहीत. इथेनॉलमुळे जुने होज आधी फुगतात, मग त्यांना तडे जातात. फियाटच्या मेकॅनिकल पेट्रोल पंपातला रबरी पडदा (डायफ्रॅम) कडक होतो. टाकीच्या भिंतीला चिकटलेला वर्षानुवर्षांचा गंज सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साठते आणि टाकी आतून सडते. शिवाय मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी झाल्याने इंजिनला इंधन कमी पडते, ते गरम चालते आणि चढावर अडखळते.

यावरचे उपाय फार अवघड नाहीत. गाडी हातात आली की टाकी उतरवून आतून धुऊन घ्यावी. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे प्रत्येक रबरी होज बदलून इथेनॉलला टिकणारे, एफकेएम (एक खास प्रकारचे रबर) अस्तराचे होज बसवावे. पंपाचा पडदाही त्याच प्रतीचा मागून घ्यावा आणि कार्ब्युरेटरच्या आधी आतले दिसेल असा पारदर्शक फिल्टर लावावा. कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) थोडा मोठा करावा लागतो. तो किती मोठा करायचा हे प्रत्येक इंजिनावर अवलंबून असते, त्यामुळे गाडी चालवून आणल्यावर प्लगचा रंग पाहून ठरवावे. पांढुरका प्लग कमी इंधन सांगतो, काळा काजळलेला प्लग जास्त इंधन सांगतो, फिकट तपकिरी रंग आला की जेट बरोबर आहे. होज मात्र दर दोन-तीन वर्षांनी हाताने दाबून पाहायची सवय ठेवा, कारण गरम इंजिनावर पेट्रोल गळणे ही जुन्या गाडीला आग लागण्याची नेहमीची वाट आहे. गाडीत छोटे अग्निशामक नळकांडे ठेवणे मी आवश्यक समजतो.

कागदांकडे वळू. मालक वारले आहेत आणि मुलगा विकतो आहे, एवढ्यावरून मुलाला विकण्याचा अधिकार आहे असे ठरत नाही. आधी गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. त्यानंतरच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन ती तुमच्या नावावर येऊ शकते. व्यवहार घाईत करणारा ‘कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवा’ असे सुचवेल. ते ऐकू नका. दोन भाऊ आणि एक बहीण असतील आणि त्यांतल्या एकाची संमती राहिली असेल, तर गाडी रस्त्यावर आल्यानंतर वाद उभा राहतो. मुलाला आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायला सांगा आणि त्यासाठी लागणारा वेळ द्या.

दुसरा मुद्दा नोंदींचा आहे. १९६६ सालची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये असते आणि ती ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत आलेली असेलच असे नाही. मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून माहिती दिसते का ते घरबसल्या पाहता येते. दिसत नसेल तर जिथे नोंदणी झाली त्या आरटीओतून जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. हे काम विक्रेत्याने करणे योग्य, कारण मूळ आरसी बुक त्याच्याकडे आहे. नाशिकला आणल्यावर तुम्ही ते करायला गेलात तर प्रत्येक कागदासाठी मुंबईच्या फेऱ्या पडतील. गाडी पाहतानाच चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि तो आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. कित्येक फियाटमध्ये मधल्या काळात दुसऱ्या गाडीचे किंवा डिझेलचे इंजिन बसवलेले असते आणि त्याची नोंद केलेली नसते. चेसिस नंबर जुळत नसेल तर तिथूनच परत फिरा.

आता विंटेज नोंदणी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी मूळ रूपात असावी आणि तिची चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये ठेवले गेले, मुदत १० वर्षांची आहे आणि नंबरमध्ये राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. तुमच्या डिलाइटचे वय यात बसते. १९८२ ची पद्मिनी २०३२ पर्यंत बसणार नाही, त्यामुळे तिला ‘विंटेज’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर त्याला आधार नाही.

परंतु तुम्ही ही नोंदणी लगेच करावी असे मला वाटत नाही. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि देखभाल, एवढ्यापुरतीच ती चालवण्याची मुभा आहे. राजघराण्यातली मोठी जुनी गाडी वर्षातून दोनदा रॅलीला काढणाऱ्यासाठी हे सोयीचे आहे. तुम्हाला मात्र वडिलांना शेजारी बसवून रविवारी त्र्यंबकला जाऊन यायचे आहे. त्यासाठी साधी खासगी नोंदणीच चालू ठेवावी आणि दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन तिचे नूतनीकरण करावे. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढवले गेले. त्यावर महाराष्ट्राचा पर्यावरण कर आणि मुदत टळली असेल तर उशिराचा आकार येतो. व्यवहार ठरवण्याआधी आजचा पूर्ण आकडा आरटीओत विचारून घ्या आणि तो किमतीतून वजा करायला सांगा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, याचीही नोंद असू द्या.

इथपर्यंतचे थोडक्यात मांडायचे तर क्रम असा राहील: आधी मुलाकडून आरसी बुकाचे फोटो आणि वारसांची माहिती फोनवर मागवा, ती ठीक असेल तर दादरला जाऊन पत्रा आणि जॅकची परीक्षा करा, वस्तूंची यादी करा, आणि मगच किमतीची गोष्ट काढा. जेवढी किंमत द्याल साधारण तेवढीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला हवी. ती नसेल तर खरेदी थोडी पुढे ढकललेली बरी.

गाडी ठेवण्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण छंद टिकतो की नाही ते इथे ठरते. सोसायटीत उघड्यावर गाडी ठेवायची असेल तर मी डिलाइट घेऊ नका असेच सांगेन. नाशिकची हवा मुंबईपेक्षा कोरडी आहे आणि ते गाडीच्या फायद्याचे आहे, पण उन्हाने रबर, रंग आणि सीट जातात. छपराखालीही प्लॅस्टिकचे कव्हर घालू नका, आतली ओल आतच राहते. सुती किंवा हवा खेळेल असे कव्हर वापरा. आठवड्यातून एकदा गाडी जागेवर पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती इंजिनाला घातक आहे. एवढ्या वेळात ऑइल गरम होत नाही आणि सायलेन्सरमध्ये आणि इंजिनमध्ये पाणी साचते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा २५-३० किलोमीटर नीट चालवा. ब्रेक, क्लच, गिअर, डायनामो, टायर, सगळ्यांनाच त्यात व्यायाम मिळतो. नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे अंतर नेमके तेवढेच आहे, आणि सकाळी लवकर निघालात तर वाहतूकही कमी असते. कसारा घाटात मात्र लगेच जाऊ नका. ड्रम ब्रेक लांब उतारावर तापून सैल पडतात, म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायची सवय आधी छोट्या उतारांवर अंगवळणी पडू द्या.

या गाडीचा खरा आनंद तिच्यावर स्वतः हात चालवण्यात आहे असे माझे ठाम मत आहे. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठीचे संपर्क) साफ करून त्यांची फट बसवणे, प्लग पाहणे, कार्ब्युरेटरचा कटोरा उघडून गाळ काढणे, किंगपिनच्या निपलमध्ये ग्रीस भरणे, एवढी कामे सहा महिन्यांत कोणालाही येतात. एका वहीत प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर लिहीत जा. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यांच्याशी संबंध जोडा. तिथे भेटणाऱ्या माणसांकडून एखादा दुर्मीळ दिवा किंवा भरवशाचा वेल्डर मिळतो, तसा जाहिरातीतून मिळत नाही. नाशिकमध्ये फियाटवर हात बसलेला एखादा वयस्कर मेकॅनिक शोधा. त्याच्याकडे गाडी सोडून येऊ नका, शेजारी उभे राहून काम पाहा.

राहिला प्रश्न दिवाळीचा. कागद वारसाच्या नावावर होऊन तुमच्या नावावर यायलाच दोन-तीन महिने धरा, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. या काळात ब्रेक पूर्ण नवे करता येतील, टाकी आणि होज होतील, इंजिन जागे होईल, टायर आणि वायरिंग पाहता येईल. रंग आणि सीट दिवाळीपर्यंत होणार नाहीत, आणि घाईने करून घेतलेत तर ज्या पद्मिनीला नको म्हणालो तिच्यासारखेच काम पदरी पडेल. म्हणून या वर्षी रंगाला हात लावू नका. कागद वेळेत झाले, पत्रा जॅकच्या परीक्षेत उतरला आणि ब्रेक पन्नासेक किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर तपासून झाले, तर दिवाळीत वडिलांना गंगापूर रोडने एक फेरी मारून आणता येईल. कागद लांबले तर गुढीपाडव्याच्या आधी मुहूर्त धरू नका, आणि मधल्या वेळात वडिलांना गॅरेजमध्ये घेऊन जा. स्टिअरिंगवरचा गिअर कसा टाकायचा, चोक किती ओढायचा, थंड इंजिनाला किती वेळ द्यायचा, हे तुम्हाला त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी शिकवू शकणार नाही.